मायनस चाळीस

आमच्या तपासणी केंद्रात साहेबांना पाठीमागे सगळे 'मायनस चाळीस' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. साहेब रागावले असते अशातला भाग नाही. 'चाळीस म्हणजे नेमकं कशाचं? हवेचं की धातूचं?' असं त्यांनी शांतपणे विचारलं असतं आणि सगळ्यांचा पुढचा अर्धा तास गेला असता. मी त्यांच्या समोरच्या टेबलावर इतकी वर्षं काढली आहेत की माझे केस पिकले त्यात वयाचा वाटा किती आणि साहेबांचा किती, हे देवच जाणे.

आमचं काम सांगायला सोपं आहे. लष्करासाठी सरकार जे विकत घेतं, त्यातल्या तोफा आणि विमानं मोठ्या लोकांकडे जातात. आमच्याकडे येतो किरकोळ माल. बूट, मोजे, तंबू, दोर, पाण्याच्या बाटल्या, स्ट्रेचर. पुरवठादार ट्रक भरून पाठवतो, आम्ही त्यातले थोडे नग उचलतो आणि ओढतो, ताणतो, भिजवतो, तापवतो, गोठवतो. टिकले तर पास, नाहीतर परत. साहेबांची सही होईपर्यंत एक मोजासुद्धा सैनिकाच्या पायात चढत नाही. अशा जागी काटेकोर माणूस हवा, हे मलाही कळतं. पण मिठावाचून जेवण अळणी लागतं म्हणून कुणी ताटभर मीठ वाढत नाही.

साहेबांचं सगळंच असं. शर्ट घ्यायला गेले की दुकानात उभं राहून एकेक बटण ओढून बघणार. त्यांच्या गल्लीतला छत्रीवाला त्यांना लांबून पाहिलं की 'छत्र्या संपल्या' म्हणून मोकळा व्हायचा. मुलीच्या सासरी पहिल्यांदा गेले, तर बसायच्या आधी खुर्ची हलवून पाहिली आणि 'एक पाय आखूड आहे हो हिचा' असं व्याह्यांना सांगितलं. वहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, मला म्हणायच्या, "यांनी मला पसंत कशी केली हे मला अजून कळलेलं नाही. तपासायचं राहूनच गेलं असणार."

आणि मी ही अशी. आमचे हे म्हणतात, घरात दुसरा कुकर कशाला, तू आहेस की. मला वाकडं दिसलं की बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि साहेबांना बोललेलं लागत नाही. त्यामुळे आमचं दिवसातून एकदा तरी वाजायचंच. मी तावातावाने बोलायची, साहेब चष्मा पुसत ऐकायचे, आणि शेवटी त्यांना जे करायचं तेच करायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

तर ही गोष्ट स्ट्रेचरची. घडीचं, हलकं, मधोमध दुमडणारं, एका माणसाच्या पाठीवर मावणारं स्ट्रेचर. उघडलं की मधला खटका टक् करून बसतो आणि दोन्ही अर्धे जोडून ताठ पाट होतो. उंच बर्फाळ डोंगरातल्या चौक्यांसाठी ती मागवलेली होती, आणि त्यातल्याच एका चौकीवर साहेबांचा धाकटा मुलगा होता. घरात त्याला बारक्या म्हणायचे. दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागायची, तरी नाव बारक्याच.

या चौक्यांवर जुनी स्ट्रेचर होती. जड, गंजकी, पण होती. नवी येणार म्हटल्यावर भांडार विभागाने ती आधीच परत मागवली. का? तर एका चौकीने किती स्ट्रेचर ठेवायची हे ठरलेलं, आणि जुनं जमा केल्याशिवाय नव्याची मागणीच नोंदवता येत नाही. म्हणजे नवी चप्पल दुकानात यायच्या आधी जुनी टाकून द्या आणि तोवर अनवाणी चाला. जुनी स्ट्रेचर भंगारात गेली. नवी आमच्या शेडमध्ये येऊन पडली. आणि वर डोंगरात कुणी पडलं-झडलं तर पोरं त्याला ब्लँकेटमध्ये घालून, चार कोपरे धरून खाली आणायला लागली. हिवाळ्यात तिकडचा रस्ता बर्फाने बंद होतो तो थेट उन्हाळ्यात उघडतो. बंद व्हायच्या आत स्ट्रेचर वर पोचायला हवी होती. एवढंच काम होतं, दुसरं काहीही नाही.

आमच्याकडे एक गारठ्याची खोली आहे. जाडजूड दार, आत कंप्रेसरची घरघर, बाहेर भिंतीवर तापमानाची तबकडी. नग आत ठेवायचे, चांगले गोठू द्यायचे, मग दोघांनी जाड कोट आणि हातमोजे चढवून आत जायचं आणि ते उघडून बघायचे. साहेब हे काम दुसऱ्यावर कधी सोपवत नसत. मायनस वीसला खटका टक् करून बसला. तीसला बसला. पस्तीसला जरा कुरकुरला, पण बसला. चाळीसला मात्र आतलं वंगण घट्ट होऊन तो अर्ध्यावर अडकला. साहेब भुवयांवर पांढरा थर घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "नापास."

पुरवठादाराचा इंजिनिअर रडायच्या बेताला आला. "साहेब, एवढी थंडी तिथं पडतच नाही हो!"

"स्पेसिफिकेशनमध्ये चाळीस आहे."

"अहो पण..."

"तुम्ही वाचून सही केलीत ना?"

केली होती बिचाऱ्याने. तो गेल्यावर मी खुर्ची मागे सारली. "साहेब, मुलगा तुमचा वर आहे, माझा नाही."

"म्हणूनच, बाई."

"म्हणूनच काय?"

"म्हणूनच सोडता येत नाही. उद्या कुणी म्हणेल, पोराची चौकी होती म्हणून यांनी नियम वाकवला."

"आणि पोराचं कंबरडं मोडलं तर काय म्हणतील, ते ठरवलंय का?" असं मी म्हणून बसले. बोलल्यावर माझीच जीभ मी चावली. साहेब चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी त्यांना गाठलं. म्हटलं भांडण नको, नीट विचारू. "साहेब, मला एवढंच सांगा, हा चाळीस आला कुठून? वरच्या चौक्यांवर कधी वीसच्या खाली तरी गेलंय का?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. इकडे तिकडे बघितलं. "मी लिहिला."

"काय?"

"आकडा. मीच लिहिला." मग त्यांनी सांगितलं ते ऐकून माझा चहा तसाच राहिला. पूर्वी कधीतरी हे स्पेसिफिकेशन ठरवायची बैठक झाली, तेव्हा साहेब नवीन होते आणि बैठकीचे सचिव होते. लांबी, वजन, कापड, सगळे रकाने भरले, तापमानाचा तेवढा राहिला. लष्कराचा माणूस त्या दिवशी आलाच नव्हता. अध्यक्षांना जेवायला जायचं होतं. त्यांनी विचारलं, आपल्या केंद्रात किती थंडीपर्यंत तपासता येतं? साहेब म्हणाले, आपली तबकडी चाळीसला संपते. अध्यक्ष म्हणाले, मग चाळीस टाका.

"आणि तुम्ही टाकलंत?"

"टाकलं. म्हटलं लष्कराला मागाहून विचारू. मग ते राहून गेलं."

राहून गेलं! माझ्या डोळ्यांसमोर ते सगळे पुरवठादार आले. एकाने वंगण बदललं, एकाने खटक्याचा धातू बदलला, एकाने हात जोडून टेंडरच सोडून दिलं. प्रत्येकाला वाटलं, सरकारी कागदावर चाळीस लिहिलंय म्हणजे कुणीतरी डोंगरावर जाऊन, थंडी मोजून, अभ्यास करून लिहिलं असणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. इथे आडच नव्हता, नुसता पोहरा दोराला बांधून सगळे वाकून बघत होते.

"मग बदला ना तो आकडा!" मी एवढ्या जोरात म्हटलं की कँटीनवाला बाहेर डोकावला.

"तपासणाऱ्याने स्पेसिफिकेशन बदलायचं नसतं, बाई. उद्या मी थंडी बदलली, तर परवा दुसरा वजन बदलेल. मला खरेदी विभागाकडे या मालापुरती सवलत तेवढी मागता येईल."

मागितली. त्यांच्याच शब्दांत मी टाईप केली. खरेदी विभागाचं त्या वर्षी दुधाने तोंड पोळलेलं होतं. कसल्याशा दुसऱ्या खरेदीत भानगड निघाली होती, लोकप्रतिनिधींची देखरेख समिती त्यांच्या मागे लागली होती, त्यामुळे ते ताकही फुंकून पीत होते. आमचा कागद परत आला. वर शेरा होता की सवलतीचा विचार करण्यापूर्वी मूळ आकडा कोणत्या अभ्यासावर आधारित आहे, ते कळवावे.

आमच्या केंद्राचे संचालक गोड बोलणारे. त्यांनी साहेबांना बोलावलं, मलाही बोलावलं. "त्यात काय एवढं? तज्ज्ञांच्या मतानुसार, असं लिहा."

"तज्ज्ञ कोण?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हीच की!"

"मी तेव्हा तज्ज्ञ नव्हतो. सचिव होतो."

संचालकांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "बरं," ते म्हणाले, "मग असं करा. मशीन पस्तीसवर लावा, आत जा, खटका बसवा, आणि बाहेर येऊन चाळीस लिहा. तबकडी बघायला येतंय कोण?"

"मी बघतो ना," साहेब म्हणाले.

मला त्या वेळी कुणाचा राग जास्त आला, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. लबाडी करा असं मला म्हणायचं नव्हतं. पण एका खोट्या आकड्याशी इतकं खरं वागायचं, हेही माझ्या डोक्यात बसेना.

त्याच आठवड्यात वहिनी ऑफिसात आल्या. डबा विसरला म्हणून आले, म्हणाल्या. साहेब आयुष्यात कधी डबा विसरले नव्हते. साहेब गारठ्याच्या खोलीत होते, म्हणून त्या माझ्यासमोर बसल्या.

"तुम्ही तरी सांगा हो यांना. माझं ऐकायचं तर यांनी सोडूनच दिलंय. काल बारक्याचा फोन आला होता. म्हणाला, आई, बाबांना सांग, ब्लँकेटपेक्षा काहीही चालेल. मी यांच्या हातात फोन दिला. तर हे त्याला काय सांगतात? चाळीसला खटका बसत नाही रे! पोरगं म्हणालं, बाबा, चाळीसला आम्ही पण बसणार नाही."

ती हसायची गोष्ट होती, आणि वहिनी हसत हसतच रडायला लागल्या. मी त्यांना पाणी दिलं. म्हटलं, "वहिनी, तुम्ही निदान घरी ओरडू शकता. मला इथं वरिष्ठांशी नम्रपणे बोलावं लागतं." त्यांना ते पटलं नाही. साहेबांशी फोनवर बोलताना त्यांना मागून माझा आवाज बऱ्याचदा ऐकू गेलेला होता.

मग देखरेख समितीनेच आमच्या केंद्रात पाहणीला यायचं ठरवलं. काय ती धावपळ! शेडला रंग दिला, दारात भाड्याच्या कुंड्या मांडल्या, माझ्या टेबलाचा डुगडुगणारा पाय, ज्याच्यासाठी मी कित्येक अर्ज केले होते, तो एका दुपारभरात दुरुस्त झाला. समितीच्या अध्यक्षबाई पूर्वी कुठल्याशा शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या म्हणे. साखळीला अडकवलेला चष्मा, कमी बोलणं, आणि समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची सवय. अशा माणसासमोर खोटं बोलणं फार लांबतं.

संचालकांनी प्रयोग मायनस वीसवर लावून ठेवला होता. खटका टक् करून बसला. सदस्यांनी माना डोलावल्या.

"छान आहे की," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मग अजून पास का नाही?"

"त्याचं काय आहे मॅडम, अट चाळीसची आहे. सखोल विचारविनिमयानंतर ती ठरवण्यात आलेली असल्यामुळे..."

"कुणाचा विचारविनिमय?"

संचालक थांबले. अध्यक्षबाई वाट बघत राहिल्या. मागे भिंतीपाशी उभ्या असलेल्या साहेबांनी घसा साफ केला.

"माझा, मॅडम. म्हणजे विचारविनिमय झालाच नाही. आमच्या मशीनची तबकडी चाळीसला संपते, म्हणून मी तो आकडा लिहिला. लष्कराला विचारायचं राहिलं. वर वीसच्या खाली जात नाही. वीसला हा माल चांगला आहे, मी स्वतः बघितलाय."

कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "हे आज सांगताना तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली. पण तुम्ही विचारलंत."

खरं सांगते, माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं ज्या माणसाशी भांडले, त्याचा मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की जवळ जाऊन पाठीवर थाप मारावीशी वाटली. वाटलं, सुटलं एकदाचं. आता ही शहाणी बाई म्हणेल, मग वीस करा आणि ट्रक भरा. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही प्रामाणिक माणूस आहात. समिती याची नोंद घेईल."

समितीने नोंद घेतली. आणि मग आमची गत झाली भीक नको पण कुत्रं आवर अशी. समितीचा आदेश आला, त्यात लिहिलं होतं की एक आकडा जर कसलाही आधार नसताना टाकला गेला असेल, तर बाकीचे आकडेही तसेच असण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब लांबी, वजन, कापड, रंग, सगळ्याची नव्याने छाननी व्हावी, त्यासाठी स्वतंत्र समिती नेमावी, आणि तोपर्यंत हा माल स्वीकारू नये, जागच्या जागी सील करावा. साहेबांच्या सचोटीचं कौतुक वेगळ्या परिच्छेदात केलेलं होतं.

अध्यक्षबाईंचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. त्यांच्या खुर्चीत बसून बघितलं तर त्या बरोबर. भांडारवाले त्यांच्या नियमाने बरोबर. खरेदी विभाग बरोबर. साहेब तर काय, बरोबर असण्यातच हयात गेली त्यांची. एवढी सगळी बरोबर माणसं एकत्र आली आणि वर डोंगरात पोरांच्या हातात राहिलं ब्लँकेट.

शेडच्या दारांना कागदी सील चिकटवून माणसं निघून गेली. मी साहेबांना ओढतच तिकडे नेलं. "रस्ता अजून उघडा आहे. ट्रक मी मागवते. सील मी तोडते, तुम्ही नुसते तिकडे तोंड करून उभे रहा. नोकरी गेली तर माझी जाईल. आमचे हे दोन दिवस ओरडतील आणि गप्प बसतील."

साहेब दाराजवळ गेले. त्यांचा हात वर गेला. सीलचा एक कोपरा सुटला होता. साहेबांनी तो अंगठ्याने दाबून नीट चिकटवला.

मी तिथून तशीच घरी गेले. चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंसुद्धा बोलले नाही. तेवढ्यात वर बर्फ पडायला लागलं आणि रस्ता बंद झाल्याची बातमी आली.

बारक्या पडला तो काही लढाईत नाही. चौकीवर पाणी आणायला निघाला होता, बर्फावरून पाय सटकला, आणि उतारावरून पाठीवर घसरत खाली गेला. बरोबरच्या पोरांनी त्याला ब्लँकेटमध्ये घेतलं. कोपरे धरून, वाटेत माणसं बदलत, दिवसभर चालून त्याला हेलिकॉप्टर उतरेल अशा जागेपर्यंत आणलं. त्यांनी जिवाचं रान केलं. बारक्या अजून त्यांची नावं घेतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो.

लष्करी हॉस्पिटलात जायचं ठरलं तेव्हा वहिनींनी मला बरोबर यायला सांगितलं. त्यांना साहेबांबरोबर एकटीने प्रवास करायचा नव्हता. गाडीत त्या माझ्याशी बोलल्या, साहेबांशी एक शब्द नाही. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये डॉक्टर भेटले. तरुण होते, दमलेले होते, समोर कोण उभं आहे हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

"मणक्याला मार होताच," ते म्हणाले. "पण खाली आणताना पाठ सारखी वाकत राहिली. ताठ पाटावर आणला असता तर..." आणि त्यांना कुणीतरी हाक मारली, म्हणून ते गेले.

बारक्या जागा होता. वहिनी त्याच्या उशाशी बसल्या आणि केसांतून हात फिरवायला लागल्या. साहेब पायापाशी उभे. आणि या माणसाने काय करावं? पलंगाच्या चाकाचा ब्रेक नीट लागलाय का, ते बुटाने दाबून बघितलं. मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं.

"त्या दिवशी वर थंडी किती होती रे?" साहेबांनी विचारलं.

बारक्याने जरा आठवलं. "मायनस अकरा असेल. छान ऊन पडलं होतं, बाबा."

वहिनी उठून बाहेर निघून गेल्या. साहेबांनी मान हलवली. मग ते पलंगाचा कठडा धरून खाली बसले, खुर्ची नव्हतीच तिथं, जमिनीवरच बसले. बसायच्या आधी काहीही तपासलं नाही.

बारक्या घरी आला, पण पायांवर नाही. तो पुन्हा चालेल असं कुठल्याच डॉक्टरने म्हटलेलं नाही. साहेबांनी लांब रजा टाकली. आकडे ठरवणारी नवी समिती एकदाची नेमली गेली, आणि तिला या मालाची माहिती असलेला माणूस हवा होता. साहेबांशिवाय दुसरा होता कोण? मीच संचालकांच्या मागे लागले, मीच साहेबांना फोन केला, आणि मीच त्यांच्याकडून लिहून घेतलं: मायनस वीस पुरेसे आहे, चाळीसला कोणताही आधार नव्हता, रस्ता उघडताच माल पाठवावा. त्यांनी सही केली. मी तो कागद स्वतः नेऊन दिला.

त्याचं उत्तर साहेबांच्या नावाने केंद्रात आलं. सदर मालाअभावी आपल्या मुलास इजा झालेली असल्याने या विषयात आपला वैयक्तिक हितसंबंध निर्माण झालेला आहे. सबब निःपक्षपातीपणाच्या दृष्टीने आपण या कामात कोणत्याही प्रकारे सहभागी होऊ नये.

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि पर्स उचलली. पोस्टाने पाठवायची माझी तयारी नव्हती. वाटेत मनातल्या मनात मी सगळं जुळवून ठेवलं होतं, अपिलाचा मसुदासुद्धा लिहून पर्समध्ये टाकला होता. साहेबांच्या सहीची तेवढी जागा मोकळी होती.

साहेबांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं. बाहेरच्या खोलीत बसून त्यांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली.

"बरोबर आहे त्यांचं," म्हणाले.

मग मात्र माझा तोल गेला. आत पोरगा झोपून आहे, स्वयंपाकघरात वहिनी आहेत, कशाचंही भान राहिलं नाही. "बरोबर? अहो, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते तुमच्यासाठीच! तबकडीपायी माल अडवलात तेव्हा बरोबर. सील चिकटवलंत तेव्हा बरोबर. आता ज्याला यातलं सगळं माहीत आहे त्यालाच बाहेर काढलं, तेही बरोबर? कधीतरी, एकदा तरी, म्हणा की हे चूक आहे! पोरासाठी तरी म्हणा!"

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मला थांबवलं नाही.

साहेबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. तसाच हातात धरला. "बाई, मी निःपक्ष राहिलेलो नाही, हे खरं आहे. आता माझ्यासमोर काहीही आणा. दोन काठ्यांना पोतं बांधून आणा. मी पास करीन. गारठ्याची खोली उघडणारसुद्धा नाही. खटका बसो न बसो, मोडो, मी सही करीन आणि वर पाठवून देईन. अशा माणसाची सही घेऊ नये."

पर्समधला कागद मी बाहेर काढलाच नाही.

आतून बारक्याची हाक आली, "बाबा, कूस बदलायची आहे."

साहेब लगेच उठले. वहिनी उशाकडे गेल्या, मला म्हणाल्या, "तुम्ही पायांकडून धरा." मी धरले. साहेबांनी दोन्ही हात त्याच्या पाठीखाली सरळ घातले, आणि आम्ही तिघांनी मिळून त्याला सावकाश भिंतीकडे वळवलं. वहिनींनी उशी सारखी केली, मी चादर ओढली. साहेब तसेच वाकून उभे होते, हात काढेनात.

"झालं, बाबा," बारक्या म्हणाला. "सोडा आता."